पोराच्या हातात कला हाय!

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन पोरं गल्लीत शिरतात, तेव्हा आण्णा पानपट्टीच्या कोपऱ्यावर उभे असतात. पेपर कसा गेला हे ते कधी विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न ठरलेला : "उद्या सकाळी मोकळा हाईस न्हवं?" परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी दहा वर्षांच्या पोराला कसलं काम असणार? पण कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेतली पोरं आण्णांना ओळखून आहेत. "न्हाई ओ आण्णा, मामाच्या गावाला जाणार हाय," असं एका सुरात सांगतात. मामा राहतो शिवाजी पेठेत.

आण्णा सोडत नाहीत. "मग मामाच्या पोरालाबी घे संगट," म्हणतात आणि स्कूटरला किक मारतात.

आण्णांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा सरला की पाणी अडवायला बरगे घालायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला काढायचे. या वेळापत्रकावर त्यांचा संसार, सणवार आणि पाहुणेरावळे सगळं चाललं. निवृत्त झाले आणि अडवायला पाणी उरलं नाही, म्हणून आता पोरं अडवतात. पोरांचा वेळ असा वाहून चालला आहे, तो मोबाईलमध्ये जातो आहे, त्याला कुठंतरी बांध घातला पाहिजे, असा त्यांचा एकंदर हिशोब आहे. बांध कशाचा, तर हातकामाचा. "हाताला वळण पाहिजे. हाताला वळण लागलं की डोस्कं आपोआप वळतंय."

स्वतः आण्णांना चित्र काढता येत नाही. एकदा त्यांनी फळ्यावर हत्ती काढला, तेव्हा पोरांनी एकमतानं तो पाण्याचा पंप ठरवला. आण्णा चिडले नाहीत. "पंप वळखला की न्हाई? म्हंजे निरीक्षण हाय," म्हणाले. दुसऱ्याच्या पोरातली कला शोधणं हा त्यांचा खरा प्रांत. भिंतीचा पोपडा नखानं खरवडणारं पोर दिसलं, तर त्याची आई धपाटा घालायच्या आत आण्णा मध्ये पडतात. "थांबा वहिनी! बघा तरी काय काढलंय. हितं कोकण, हितं घाट. पोराच्या हातात कला हाय!" पुढं त्या भिंतीला रंग द्यायचा खर्च वहिनींचा असतो, ही गोष्ट वेगळी.

एप्रिल लागला की वर्तमानपत्राच्या घडीतून उन्हाळी शिबिरांची पत्रकं गळायला लागतात. व्यक्तिमत्त्व विकास, कॅलिग्राफी, मंडला आर्ट, क्ले मॉडेलिंग, विस्तवाशिवाय स्वयंपाक. आण्णा प्रत्येक पत्रक जपून ठेवतात आणि प्रत्येक नंबरवर फोन लावतात. फोन स्पीकरवर, म्हणजे गल्लीचंही प्रबोधन व्हावं.

"क्ले मॉडेलिंग म्हंजे काय ओ म्याडम?"

"सर, मुलं मातीचे वेगवेगळे शेप बनवतात."

"माती कुठली?"

"रेडीमेड पाकीट येतं सर. कपड्याला लागत नाही."

"लागत न्हाई?" आण्णांचा आवाज चढतो. "मग ती माती कसली ओ? आणि फी?"

पलीकडून आकडा सांगितला जातो. आण्णा फोन ठेवतात आणि पानपट्टीवाल्याकडं वळतात. "पंचगंगेच्या काठावर राहून आता चिखल इकत घ्यायचा! चिखल!"

शिबिरं घेणाऱ्यांची बाजू मला मांडलीच पाहिजे. आईबाप दोघंही कामावर, घरी आजी नाही, दुपारी पोर कुठं ठेवायचं हा प्रश्न आण्णांच्या भाषणानं सुटत नाही. शिवाय शिबिरातून पोर स्वच्छ परत येतं. आण्णांबरोबर गेलेलं पोर दारात उभं करून आधी पाणी ओतावं लागतं.

आण्णांजवळ एक मेजरमेंट बुक आहे. सरकारी, जाड पुठ्ठ्याचं. खात्यात याच बुकात कामाची मापं लिहितात, त्यांच्या भाषेत 'एमबी'. सुटताना एक कोरं त्यांच्याकडं राहून गेलं. त्यात आता कोल्हापुरातल्या कारागिरांची नोंद आहे. मी ते चाळलं आहे. 'शाहूपुरी, कुंभार गल्ली. नऊच्या आत जाणे. जेवणानंतर माणूस बोलत नाही.' 'बापट कॅम्प. गणपतीचं काम जोरात. साच्याला हात लावू न देणे.' 'गुजरी. साज गाठवणारे. दोनपेक्षा जास्त पोरं नेऊ नयेत, सोनं असतं.' 'सुभाषनगर, चप्पल. मावशी चांगल्या आहेत. शिव्या देतात.' प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि सही. खात्याची सवय.

कुंभाराकडची सकाळ मी स्वतः पाहिली आहे. कुंभार शांत माणूस. त्यानं चाकाच्या मधोमध गोळा थापला, दोन्ही अंगठे आत घातले आणि बघता बघता माती उभी राहिली. बघणाऱ्याला वाटतं, हे आपल्यालाही जमेल. मग आमच्या गल्लीतला बाळ्या बसला. गोळा मधोमध बसला नाही की तो चाकावर डुलायला लागतो. जितका दाबावा तितका जास्त डुलतो आणि कोपरं अंगाला टेकवून हात घट्ट धरायचे असतात हे बाळ्याला कुणी सांगितलं नव्हतं. अर्धं मडकं बाळ्याच्या शर्टवर आणि बाकीचं आण्णांच्या धोतराशेजारून भिंतीवर गेलं. आण्णा हर्षभरित होऊन म्हणाले, "बघितलंसा? पोराच्या हातात कला हाय!"

कुंभारानं भिंतीवरची माती पातीनं खरवडून परत गोळ्यात घेतली. "हातात असंल ओ आण्णा," तो म्हणाला, "मडक्यात न्हाई आली अजून."

त्याच बाळ्यानं बेंदराला स्वतःच्या हातानं बैलजोडी केली. आपल्याकडं कर्नाटकी बेंदूर आणि महाराष्ट्रीय बेंदूर असे दोन बेंदूर, त्यामुळं पहिल्याचे बैल बिघडले तर दुसऱ्याला दुरुस्तीची सोय. बाळ्याच्या बैलांपैकी एकाला वशिंड होतं आणि दुसऱ्याला नव्हतं. आण्णांनी दुसऱ्याला म्हैस ठरवून दोन्ही देवापुढं मांडायला लावले.

सुभाषनगरच्या मावशींकडं वेगळीच तऱ्हा. कोल्हापुरी चपलेला खिळा नसतो, चामड्याच्या वादीनंच ती शिवतात. चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. हे सगळं आण्णा स्कूटरवरच सांगून टाकतात, त्यामुळं मागं बसलेल्या पोराला निम्मं ऐकू येतं. पट्ट्यावरची वेणी बहुतेक बायकाच घालतात. मावशींनी पोरांच्या हातात चामड्याच्या तीन बारीक पट्ट्या दिल्या. पोरींनी पटापट वेण्या घातल्या. पोरांच्या हातात नुसत्या गाठी. मावशी म्हणाल्या, "मुडद्यांनो, जावा घरला आणि आयची वेणी घाला आधी. मग या चपलेला." एका पोरानं हे फारच मनावर घेतलं आणि आईला दोन दिवस केस धुऊ दिले नाहीत.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आण्णांनी गल्लीत पेढे वाटले होते. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या माणसांनी तसल्याच चपला घालून मिरवल्या आणि त्यात कोल्हापूरचं नाव नाही म्हणून सगळीकडं बोंब झाली. त्या आठवड्यात आण्णांना भेटायची सोय नव्हती. राग प्राडावर कमी आणि आमच्यावर जास्त. "तिकडं मिलानच्या माणसाला कळलं चप्पल काय असतीया. आणि हितं? तुमचं पोरगं रबराचं बूट घालून सुभाषनगरच्या वरनं जातंय, खाली बघत न्हाई!"

साइनबोर्ड रंगवणारा पेंटर शोधायला आण्णांना फार हिंडावं लागलं. फ्लेक्स आल्यापासून हाताची अक्षरं गेली. शेवटी गॅरेजच्या मागच्या अंगाला एक म्हातारा सापडला. ट्रकच्या पाठीवर अजून ब्रशनं लिहितो. एरवी तोंड मिटायचं ठाऊक नसलेली आमची पोरं त्याच्यासमोर गप्प बसली. त्यानं दोरीला निळी पूड चोळली, एक टोक पोराच्या हातात दिलं, दोरी पत्र्यावर ताणली आणि मध्ये चिमटीत उचलून सोडली. टच्. पत्र्यावर सरळ निळी रेघ. फूटपट्टी नाही, पेन्सिल नाही. मग काठी आडवी धरून तिच्यावर मनगट टेकवलं आणि 'हॉर्न' मधला 'हॉ' एका दमात काढला. पोरं घरी आली आणि रात्रीपर्यंत आमच्या गल्लीतली एकही भिंत निळ्या रेघेशिवाय राहिली नाही. आण्णांनी सगळ्या रेघांना ओळंबा लावून पाहिला. बऱ्याचशा सरळ निघाल्या.

या माणसाकडं गोष्टींचा साठा दांडगा आहे आणि कुठली गोष्ट कुणाला सांगावी याचा पोच नाही. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा कोल्हापुरात हातानं घडवला आणि त्यावर १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला, ही गोष्ट ते मोबाईलमध्ये मान घालून बसलेल्या प्रत्येक पोराला ऐकवतात. "पेंटरांनी अख्खा कॅमेरा केला! तुझ्या पप्पाला फोनची काच बदलाय दुकानात जावं लागतंय." पप्पा बाजूला उभे असले तरी फरक पडत नाही.

अबालाल रहिमान यांच्या गोष्टीनं मात्र घात केला. शाहू महाराजांच्या दरबारचा हा थोर चित्रकार कोटितीर्थाच्या काठी राहायचा. १९२२ मध्ये महाराज गेले आणि अबालालांनी दुःखाच्या भरात आपली चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. एका पोराचं चित्र बिघडलं, म्हणून त्याची समजूत घालायला आण्णांनी ही गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या पोरानं शाळेची हस्तकलेची वही कोटितीर्थात सोडली. अजून तपासायची होती. वडील वर आले तेव्हा आण्णा घाबरले नाहीत. "वही गेली खरी," ते म्हणाले, "पण इतिहास डोक्यात बसला का न्हाई?"

मे महिन्यात पुण्याची नात येते. तिच्या शाळेत 'ॲक्टिव्हिटी'चा वेगळा तास असतो आणि ती सगळ्या गोष्टींना 'किट' मागते. आण्णांनी तिला राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय दाखवलं. सिनेमातले नायक चंद्रकांत, पण पावडर शेडिंगची निसर्गचित्रं काय सुरेख करायचे! कोरडी पूड घासून झाडं, ढग, पाणी. नात म्हणाली, "आजोबा, याचं किट मिळतं?" आण्णांनी तिला तडक घरी आणलं आणि काकींच्या, म्हणजे आण्णांच्या मंडळींच्या, स्वयंपाकघरातूनच किट तयार केलं. हळद, कुंकू, कोळशाची भुकटी आणि काकींचा टाल्कम पावडरचा नवा डबा. पोरीनं खरोखर छान चित्र केलं. हळदीचं ऊन, कोळशाची झाडं, मागं पन्हाळा. आण्णा इतके खूश झाले की चित्र वाळावं म्हणून त्यांनी पंखा लावला.

काकी तेव्हा देवळात होत्या. परत आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. हॉलमध्ये पिवळे आण्णा, पिवळी नात, पिवळा टीव्ही. "जेजुरी झाली का?" एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा देवळात गेल्या.

काकींविषयी वेगळं लिहावं लागेल, पण माळ्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या घराच्या माळ्यावर सिमेंटच्या पोत्यांत भरून ठेवलेला माल असा : करवंट्या, कुल्फीच्या काड्या, पिस्त्याची टरफलं, बांगड्यांच्या काचा, साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे आणि लग्नपत्रिका. कोल्हापुरात लग्नपत्रिकेवर गणपती असतोच आणि गणपती टाकवत नाही, म्हणून आण्णा तो कापून ठेवतात. घरात असे किती गणपती आहेत ते त्या गणपतीलाच ठाऊक. काहीही टाकायला काढलं की आतून आवाज येतो, "टाकू नगंस! पोरांना लागतंय." ज्या पोरांसाठी पहिल्या करवंट्या ठेवल्या, ती शिकून बेंगलोरला गेली, त्यांचीही लग्नं झाली आणि त्या लग्नांच्या पत्रिकाही माळ्यावर गेल्या. काकी म्हणतात, "घर पाडाय काढलं तर मजूर नगं, पोरंच बोलवा. काड्या-काड्यानं नेतील."

असा माणूस तुमच्याही नात्यात असणार. वाढदिवसाला गेला की भेटवस्तूचं पाकीट पोराच्या हातात देतो आणि आतल्या खेळण्यापेक्षा खोक्याकडं बघत म्हणतो, "ह्याचा आगगाडीचा डबा हुईल." पोरापेक्षा आधी कात्री मागतो. 'मी नुसतं सुरू करून देतो' म्हणून बसतो आणि पोर केव्हा उठून गेलं ते त्याला कळत नाही.

आण्णांच्या चळवळीला आईबापांचा खरा पाठिंबा मिळाला तो मात्र भलत्याच कारणानं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळाली तर दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, ही बातमी गल्लीत कुणीतरी आणली. तोवर 'चित्रं काढून पोट भरतंय का?' म्हणणारे बाप संध्याकाळी आण्णांच्या कट्ट्यावर यायला लागले. एलिमेंटरीला स्थिरचित्र असतं का? डिझाइनला कंपास लागतो का? अक्षरलेखनाचा क्लास कुठं? आण्णांनी सगळ्यांना गॅरेजमागच्या म्हाताऱ्याचा पत्ता दिला. एकही बाप गेला नाही. त्यांना पावती देणारा क्लास पाहिजे होता.

आता दिवाळीचा किल्ला. किल्ला हे पोरांचं राज्य, निदान आमच्या लहानपणी तरी होतं. दगडविटा रचायच्या, वर गोणपाट, वर चिखल, त्यावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची आणि कुंभार गल्लीतून मावळे आणायचे. शिवाजी महाराज सगळ्यात वर, मग ते महादेवाच्या पिंडीएवढे का होईनात. आण्णा मध्ये पडले आणि कामाला अंदाजपत्रक आलं. एमबीत पन्हाळ्याचा नकाशा, प्रमाण, पातळ्या. तीन दरवाजा कुठं, अंबरखाना कुठं, सज्जाकोठी कुठल्या कड्यावर, अंधारबाव किती खोल. पोरांना वाटून दिलेली कामं : वाळू चाळणे, विटा भिजवणे, सावलीत उभे राहणे. दोन दिवसांत पोरं गळाली. तिसऱ्या दिवशी रात्री अकरा वाजता मी खिडकीतून पाहिलं, तर बोळात विजेरी लावून आण्णा, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक किराणा दुकानदार आणि बाळ्याचे वडील असे चौघं जण तीन दरवाज्याची कमान बसवत होते. बाळ्याचे वडील म्हणत होते, "आण्णा, हितली लेव्हल जमंना." पोरं तेव्हा गच्चीवर मोबाईल बघत होती.

किल्ला झाला तो नुसता पाहत राहावा असा. सकाळी उजाडलं आणि किल्ल्याच्या पायथ्याशी बाळ्याचा हिरवा प्लॅस्टिकचा डायनासोर उभा. आण्णांचा चेहरा बघण्यासारखा होता.

"ह्ये काय हाय?"

"डायनासोर."

"पन्हाळ्याला डायनासोर?"

बाळ्यानं क्षणभर विचार केला. "आण्णा, त्यो आपला न्हाई. सिद्दी जौहरचा हाय. वेढ्यातला."

१६६० च्या वेढ्याची गोष्ट त्याला स्कूटरवरच ऐकवली होती आणि त्यानं निम्मीच ऐकली असणार. पण आण्णा गप्प झाले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली बसले आणि डायनासोरचं तोंड थोडं डावीकडं, पुसाटी बुरुजाच्या दिशेनं वळवून दिलं. "वेढा घातलाय तर बुरुजाकडं बघाय पाहिजे. भेळेच्या गाडीकडं काय बघतोय?"

तालमीनं भरवलेल्या किल्ला स्पर्धेचे परीक्षक संध्याकाळी आले. त्यांनी विचारलं, "किल्ला कुणी केला?" पोरांनी आण्णांकडं बोट दाखवलं. आण्णांनी पोरांकडं. बाळ्याच्या वडिलांनी हळूच स्वतःकडं. परीक्षकांनी अंधारबावेचं कौतुक केलं, मापं विचारली, आणि डायनासोरपाशी येऊन थांबले. बाळ्यानं त्यांना सिद्दी जौहर, वेढा, मुसळधार पाऊस, शिवा काशीद आणि बाजीप्रभू सगळं समजावून सांगितलं. डायनासोर शेवटी घोडखिंडीत मेला.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिला नंबर गंगावेशीतल्या एका किल्ल्याला गेला. आण्णांनी त्या रात्री परीक्षकांच्या घरी जाऊन एमबी उघडून दाखवलं आणि दोन्ही किल्ल्यांच्या पातळ्यांतला फरक सिद्ध केला. निकाल बदलला नाही. पण परीक्षक बाईंच्या घरात बऱ्याच करवंट्या आहेत, असं परत आल्यावर आण्णा काकींना सांगत होते आणि काकी माळ्याची शिडी न्हाणीघरात लपवत होत्या.